एक तरी बाजू

दोन वर्षांपूर्वी बारावीच्या घटक चाचणीत माझ्या हातून एक चूक झाली. प्रश्न साधा होता. त्रिकोणाचे कोन ४५, ६० आणि ७५ अंश, एका बाजूची लांबी अमुक, उरलेल्या दोन बाजू काढा. टाइप करताना ती ‘अमुक’ लांबीच सुटली. पेपर वाटले, वेळ संपली, पेपर गोळा झाले, तरी ना माझ्या लक्षात आलं, ना वर्गात कुणी हात वर केला. रात्री जेवणं आटोपून गठ्ठा सोडला, तर पहिल्याच पेपरात ‘समजा, एक बाजू १०’ असं लिहून पोरानं पुढचं गणित अगदी सुबक सोडवलेलं. दुसऱ्यानं १ धरली होती. काहींनी नुसतं बाजूंचं गुणोत्तर काढलं होतं, २ : √६ : (√३ + १), आणि तिथेच थांबले होते. ते थांबणं बरोबरच होतं. एका मुलीच्या पेपरात मात्र आकडेमोड नव्हतीच. तिनं एकाच्या पोटात एक असे तीन त्रिकोण काढले होते, कोन तेच, आकार लहानमोठे, आणि खाली लिहिलं होतं, ‘एकही बाजू दिलेली नाही. असे त्रिकोण कितीही निघतील. यातला कोणता?’

सगळ्यांना त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले, दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. पण ‘यातला कोणता?’ मनातून जाईना. सव्वीस वर्षं मी साइनचा नियम शिकवते आहे. कोणतीही बाजू घ्या, तिला तिच्या समोरच्या कोनाच्या साइननं भागा, तिन्हीकडे उत्तर एकच येतं. म्हणून एक बाजू आणि दोन कोन कळले की तिसरा कोन १८० मधून वजा करून मिळतो आणि उरलेल्या दोन बाजू जागेवरून न उठता हाती येतात. हे शिकवताना माझा सगळा जोर त्या ‘जागेवरून न उठता’वर असायचा. दिलेल्या एका बाजूपाशी मी कधी थांबलेच नव्हते. ती पुस्तकात छापलेली असते. तिथे कुठून आली, कुणी मोजली, हे कोण विचारतं?

मला तरी हे सुचायला हवं होतं, कारण मी मोजणीवाल्याची मुलगी.

अण्णा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. खेड्यापाड्यात त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणायचे. सातारा जिल्ह्यात त्यांच्या बदल्या होत राहिल्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कधीकधी त्यांच्याबरोबर रानात जायचे. त्यांच्या सामानात शंकू, साखळी, झेंड्या आणि रानातच नकाशा काढायचं प्लेन टेबल. शंकू म्हणजे काठीच्या टोकाला बसवलेला ठोकळा. त्याला एकमेकींशी काटकोनात पाडलेल्या फटी असतात, त्यांतून पाहिलं की रानात उभ्या उभ्या काटकोन सापडतो. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मला पाढ्यांच्या आधी हे पाठ होतं.

वाकडंतिकडं वावर आलं की अण्णा त्याच्या मधून एक लांब सरळ रेघ धरायचे. तिला ते पाया म्हणायचे. पायावर साखळी ओढत जायचं, बांधाचा कोपरा काटकोनात आला की शंकूनं तो पकडायचा, तिथून कोपऱ्यापर्यंत आडवं माप घ्यायचं. वावराचे असे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडायचे, टिपणात ते एकेक करून उतरायचे आणि संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात त्यांची बेरीज व्हायची.

पाया ते दोनदा मोजायचे. एकदा जाताना, एकदा उलट्या बाजूनं येताना. दोन भावांच्या बांधावरून भांडण पेटलेलं, वैशाखाचं ऊन, सकाळपासून बायका-पोरं बांधावर बसलेली, आणि अण्णांच्या दोन मापांत अर्ध्या आण्याचा फरक आला. अर्धा आणा म्हणजे फूटभर. त्यांनी साखळी पुन्हा पहिल्या खुंटीशी न्यायला सांगितली. थोरला भाऊ कावला. “साहेब, अर्ध्या आण्यानं काय हुतंय? चहा घ्या, जाऊ दे.” अण्णा म्हणाले, “पायात अर्धा आणा गेला तर शेंड्याला किती जाईल, ते मला आत्ता सांगता येत नाही. म्हणून पुन्हा ओढतो.” तिसऱ्यांदा ओढली. मधल्या एका बाभळीच्या मुळीवर साखळी उचलली गेली होती, ते तेव्हा कळलं. त्यांनी खाली बसून कोयत्यानं मुळी तोडली, जागा हातानं साफ केली, आणि मग सगळ्यांनी चहा घेतला.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, की चारी बांध मोजून आणले की शेत मोजून झालंच ना, मग मधे त्रिकोण कशाला? त्यांनी उत्तर दिलं नाही. बांधावरच्या चार काटक्या घेतल्या, टोकांना सुतळी बांधून चौकोन केला आणि माझ्या हातात दिला. मी तो धरला, तर तो कलंडला. चौकोनाचा पतंग झाला, पतंगाची चपटी फट झाली. चारी काटक्या होत्या तेवढ्याच, आतली जागा मात्र बोटांच्या जोराप्रमाणे कमी होत गेली. मग त्यांनी पाचवी काटकी तिरकी घातली आणि बांधली. आता मी कितीही दाबलं तरी तो हलेना. “आपली बाज डुगडुगायला लागली की सुतार काय करतो?” एवढंच ते म्हणाले. सुतार कोपऱ्यात तिरकी पट्टी मारतो, हे मी पाहिलेलं होतं.

पुढे कॉलेजात कोसाइनचा नियम समोर आला तेव्हा मला ती पाचवी काटकी आठवली. तीन बाजू कळल्या की कोनांना हलायला जागा उरत नाही, आणि ते नेमके किती अंशांवर अडकले आहेत ते हा नियम सांगतो. एका बाजूचा वर्ग म्हणजे उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, वजा त्या दोन बाजूंचा आणि मधल्या कोनाच्या कोसाइनचा दुप्पट गुणाकार. कोन ९० अंशांचा झाला की हे शेवटचं पद शून्य होतं आणि पायथागोरस उरतो. कोन काटकोनाहून मोठा झाला की कोसाइन ऋण होतो आणि समोरची बाजू ताणली जाते. युक्लिडकडे हीच गोष्ट कोसाइनचं नाव न घेता आहे, चौरस आणि आयत यांच्या भाषेत. फ्रान्समध्ये मुलं आजही याला अल-काशीचं प्रमेय म्हणतात, पंधराव्या शतकात समरकंदला काम केलेल्या गणितज्ञाच्या नावानं.

त्रिकोण सोडवायचे जितके प्रकार आहेत त्यात माझा लाडका प्रकार मुलांना सर्वात नकोसा वाटतो. दोन बाजू दिल्या आहेत, पण कोन त्यांच्या मधला दिलेला नाही, एका बाजूच्या समोरचा दिला आहे. ३० अंशांचा कोन, त्याच्या समोरची बाजू ५, दुसरी बाजू ८. साइनच्या नियमानं दुसऱ्या कोनाचा साइन ०.८ येतो. कॅल्क्युलेटर ५३ अंश म्हणून मोकळा होतो. पण १२७ अंशांचाही साइन तोच. तिसरी बाजू एकात जवळजवळ ९.९ येते, दुसऱ्यात ३.९. दोन्ही त्रिकोण खरे. मी मुलांना शेळीचं दावं सांगते. बांधापासून थोड्या अंतरावर खुंटी ठोकलेली आहे, शेळी दाव्यानं बांधलेली आहे आणि दावं ताणून ती गोल फिरते आहे. दावं आखूड असेल तर ती बांधापर्यंत पोचणारच नाही. बेताचं असेल तर बांधाला एकाच जागी तोंड लागेल. त्याहून लांब असेल तर ती बांधाला दोन ठिकाणी गाठेल. नुसत्या दाव्याच्या लांबीवरून शेळी कोणत्या ठिकाणी उभी आहे ते सांगता येत नाही, रानात जाऊन बघावं लागतं. हे सांगितल्यावर वर्गात एक हलकी शांतता येते. गणिताला दोन उत्तरं असतात आणि त्यातलं कोणतं ते गणिताबाहेर ठरतं, हे पहिल्यांदा ऐकताना सतरा वर्षांच्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

तर पुन्हा त्या पेपराकडे. त्या मुलीचा प्रश्न घेऊन मी जुन्या पुस्तकांकडे गेले आणि मला एक गोष्ट दिसली, जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. आज आपला साइन म्हणजे नुसतं गुणोत्तर, त्याला ना फूट ना मीटर. पण ज्या शब्दापासून तो निघाला ती ‘ज्या’ ही लांबी होती. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा तुकडा म्हणजे चाप, त्याची दोन टोकं जोडणारी दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा, आणि मधला छोटा भाग शर, म्हणजे बाण. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात अर्ध्या दोरीचं कोष्टक दिलं, अर्धज्या. मुलं दहावीत ‘वर्तुळाची जीवा’ म्हणतात तेव्हा तोच शब्द तोंडात असतो, फक्त अख्ख्या दोरीसाठी. ‘जीवा’ अरबीत गेली, तिथे स्वर न लिहिण्याच्या पद्धतीमुळे ती ‘जैब’ अशी वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याची घडी, गळ्यापाशी पडणारा झोळ. आपल्याकडे जेब म्हणतात तोच. लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर ‘सायनस’ झालं आणि तिकडून ‘साइन’ होऊन ती दोरी आमच्या फळ्यावर परत आली.

आर्यभटाची ज्या लांबी होती, म्हणजे तिला वर्तुळाची त्रिज्या लागत होती. ती त्यानं ३४३८ धरली. हा आकडा कुठून आला, हे मी आता दर वर्षी मुलांना काढायला लावते. परीघाचे ३६० अंश, प्रत्येकाच्या ६० कला, म्हणजे २१,६०० कला. त्याला २π नं भागलं की ३४३८ येतात. म्हणजे परीघ आणि त्रिज्या दोन्ही एकाच मापात, कलांत. पहिली ज्या २२५ कलांच्या चापाची, तिची लांबीही २२५, कारण इतक्या लहान तुकड्यात धनुष्य आणि दोरी यांत फरक जाणवत नाही. त्याला एक बाजू हवी होती, ती त्यानं आधी ठरवली आणि मग बाकीचं मांडलं.

त्या पेपरातल्या √३ + १ चाही माग लागतो. ७५ अंशांचा साइन काढायचा तर ४५ आणि ३० ची बेरीज फोडावी लागते. दोन चापांच्या बेरजेची ज्या कशी काढायची, त्याची रीत भास्कराचार्यांच्या ‘ज्योत्पत्ती’त आहे, ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा हा भाग. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख तिथे आहे, इ. स. १२०७ चा. मी तो पाहिला आहे. पाटणादेवीच्या डोंगराखाली उभं राहून मला एवढंच वाटलं होतं, की इथे कुणीतरी कुणालातरी ही बेरीज शिकवली असेल, आणि शिकणाऱ्यानं बहुतेक माझ्या वर्गासारखंच तोंड केलं असेल.

पण ‘एक बाजू कुणी मोजली’ या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर मद्रासजवळच्या एका सपाट माळावर आहे. १८०२ च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्बटन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं सेंट थॉमस माउंटपाशी एक रेघ मोजायला घेतली. लांबी सुमारे साडेसात मैल. साखळी पोलादी, १०० फुटांची, चाळीस दांड्यांची. अण्णांच्या साखळीसारखी जमिनीवर ओढायची नाही. लाकडी पेट्यांत ठेवायची, पेट्या तिकाट्यांवर, सगळं समपातळीत. साखळीशेजारी उष्णतामापक ठेवलेले, कारण पोलाद उन्हानं वाढतं. मी हिशोब करून पाहिला. १०० फुटी पोलादी साखळी १० अंश सेल्सिअसनं तापली तर साडेतीन मिलिमीटरच वाढेल. डोळ्याला दिसणारही नाही. पण साडेसात मैलांत ती सुमारे ४०० वेळा मांडावी लागते, म्हणजे शेवटी १.४ मीटरची चूक. हे मांडणं आणि उचलणं ५७ दिवस चाललं.

त्यानंतर साखळी बाजूला ठेवायची. त्या एका बाजूच्या दोन टोकांवरून दूरची एखादी टेकडी पाहायची, दोन्हीकडचे कोन घ्यायचे, साइनचा नियम लावायचा. टेकडीपर्यंतच्या दोन बाजू मिळाल्या. त्यातली एक पुढच्या त्रिकोणाचा पाया. मग पुढची टेकडी, पुढचं देऊळ. यासाठी लॅम्बटनकडे जो थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, होता त्याचं वजन जवळपास अर्धा टन. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर तो दोरांनी चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटलं. कोन मोजायचं वर्तुळच वाकलं. लॅम्बटन कित्येक आठवडे तंबूत बसून ते वर्तुळ पाचरी आणि स्क्रू लावत केसाकेसानं पुन्हा गोल करत राहिला. ते वापरण्याजोगं झालं आणि पुढे अनेक वर्षं चाललं.

मला या सगळ्यात थक्क करते ती बंगळुरूची गोष्ट. मद्रासपासून निघालेल्या त्रिकोणांची माळ तिथवर पोचली तेव्हा, १८०४ मध्ये, तिथे दुसरा पाया जमिनीवर प्रत्यक्ष मोजला गेला. गणितानं त्या रेघेची लांबी आधीच सांगितलेली होती. आता साखळी मांडून बघायचं, गणित खरं बोललं का. सात मैलांच्या आसपासच्या रेघेत फरक आला तो चार इंचांहूनही कमी. दोन पायांच्या मधे दोनशे मैलांचा मुलूख, घाट, झाडी, नद्या. मी हे वर्गात सांगते तेव्हा दर वेळी आवाज थोडा चढतो, तो मुद्दाम चढवलेला नसतो.

त्रिकोण इतके मोठे झाले की आणखी एक गोष्ट हिशोबात धरावी लागते, आणि ती मला फार सुंदर वाटते. जमीन वाकलेली आहे, म्हणून तीन टेकड्यांमधल्या कोनांची बेरीज १८० पेक्षा किंचित जास्त भरते. सुमारे २०० चौरस किलोमीटरला एक सेकंद, जुन्या भाषेत एक विकला. शाळेत ‘बेरीज १८०च’ असं घोकून घेतलेलं असतं; रानात ती १८० भरली तर कुठेतरी चूक आहे असं समजायचं.

१ जानेवारी १८१८ पासून या कामाला ‘ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळालं. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारी त्रिकोणांची मुख्य माळ लॅम्बटननं मध्य भारतापर्यंत आणली. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला वाटेत त्याचा मृत्यू झाला, आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याहून चंद्रपूरला जाताना गाडी हिंगणघाटला थांबते. मी त्या मार्गानं लेकीकडे जाते तेव्हा खिडकीशी बसते आणि गाडी सुटेपर्यंत फलाटापलीकडे पाहत राहते. कापसाच्या गाड्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव, त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की कन्याकुमारीपासून निघालेल्या त्या रेषेचा धनी इथे विसावला आहे? हे गाव नकाशावर आज जिथे दाखवतात तिथे ते दाखवता आलं, त्याची सुरुवात त्याच्या रेघेपासून झाली. गावच्या शाळांतून साइनचा नियम शिकवताना हे एकदा सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं मसुरीपर्यंत नेलं. हिमालयातलं पंधरा नंबरचं शिखर १८४९-५० मध्ये शंभर मैलांहून दूरच्या सहा ठिकाणांवरून पाहिलं गेलं. त्या निरीक्षणांतून, हवेत वाकणाऱ्या प्रकाशाची दुरुस्ती करत करत, २९,००२ फूट ही उंची निघाली. त्या हिशोबाच्या केंद्रस्थानी राधानाथ सिकदार हे बंगाली गणिती होते. खात्यात त्यांचा हुद्दा ‘कॉम्प्युटर’ होता. तेव्हा तो शब्द माणसासाठी वापरत. शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं. सिकदारांची मला जास्त जवळची वाटणारी गोष्ट मात्र १८४३ ची, देहरादूनमधली. सर्व्हेच्या मजुरांना तिथला मॅजिस्ट्रेट स्वतःचं सामान वाहायला लावत होता, त्याला सिकदारांनी हरकत घेतली. खटला झाला, त्यांना २०० रुपये दंड झाला. तीस रुपये पगारावर नोकरीला लागलेल्या माणसाला हा दंड किती जड गेला असेल. रकानेच्या रकाने आकडे जमवणाऱ्या त्या माणसाला माहीत होतं, की प्रत्येक रकान्यातली पहिली लांबी कुणाच्या तरी पाठीवरून आलेली आहे. अण्णांना हे सांगायला हवं होतं. साखळी ओढणाऱ्या गड्यांना ते स्वतःच्या आधी चहा द्यायला लावायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी बारावीच्या मुलांना नदीवर नेलं. हे अभ्यासक्रमात नाही. गावाबाहेर कृष्णा बरीच रुंद आहे आणि पलीकडच्या काठाशी एक एकटं उंबराचं झाड आहे. नदी न ओलांडता तिची रुंदी काढायची. साधनं म्हणजे तीस मीटरची टेप, मोठे कोनमापक पाटावर ठोकून त्यावर फिरणारी पट्टी बसवलेली, पट्टीच्या दोन टोकांना टाचण्या. 

पहिल्या गटानं काठावर मोकळी जागा दिसली तिथे सहा मीटरचा पाया धरला आणि भराभर कोन घेतले. त्यांच्या त्रिकोणाचा शेंड्याचा कोन जेमतेम पाच अंशांचा निघाला आणि नदी ६८ मीटर आली. पुन्हा कोन घेतले, यावेळी शेंडा सहा अंशांचा, नदी ५७ मीटर. एका अंशात अकरा मीटर पाणी वाढत-घटत होतं. अण्णा अशा त्रिकोणाला सुकलेला म्हणायचे. त्रिकोण अंगानं भरलेला पाहिजे, असं त्यांचं सांगणं होतं. मी मुलांना तेच शब्द सांगितले.

तीन त्रिकोणवाली ती मुलगी दुसऱ्या गटात होती. तिनं काठानं लांब चालत जाऊन साठ मीटरचा पाया धरला. मधे घाणेरीची जाळी होती, ती पोरांनी वाकवून धरली आणि टेप जमिनीला टेकवत नेली. पायाच्या दोन टोकांवर चुन्यानं पांढरे केलेले दगड ठेवले. एका टोकाकडून उंबराचा कोन ५८ अंश, दुसऱ्याकडून ६७, म्हणजे शेंड्याला ५५. साठ गुणिले ६७ चा साइन, भागिले ५५ चा साइन, ६७.४ मीटर, ही उंबरापर्यंतची तिरकी बाजू. तिला ५८ च्या साइननं गुणलं की नदी ५७.२ मीटर. एकानं ६७ ऐवजी ६८ घालून पाहिलं तर ५८.३ आले. भरलेल्या त्रिकोणात एक अंश चुकला तर एक मीटर जातो. मुलांनी वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि आम्ही भेळ खाऊन घरी आलो.

मेमध्ये, परीक्षा संपून बरेच दिवस झाल्यावर, एका सकाळी तिचा मेसेज आला. फोटो होता. नदी पार उतरलेली, घोटाभर पाण्यातून दगड वर आलेले, आणि पिवळी टेप काठावरून उंबराकडे गेलेली. टेपच्या दुसऱ्या टोकाला तिचा धाकटा भाऊ, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, ५८ मीटर २० सेंटीमीटर. आपले ५७.२ होते. कोन चुकला असेल का पाया?’

मी काय उत्तर द्यावं याचा विचार करत होते, तेवढ्यात दुसरा मेसेज आला. ‘पांढरे दगड अजून आहेत. पाया उलट्या बाजूनं पुन्हा मोजतोय.’